माळाचं वेळापत्रक

गेल्या वीकांताला श्रीपूरला जाऊन आलो. श्रीपूर माझं आजोळ. तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. अकलूजच्या पुढे, उसाच्या समुद्रात. काम तसं छोटंच होतं. मामांच्या दोन एकर माळाला आम्ही २०२१ साली जाळीचं कुंपण घातलं होतं, ते ठेवायचं की काढायचं हे ठरवायचं होतं. आता एवढ्यासाठी पुण्याहून कशाला जायचं? तर कुंपणाचे पैसे माझे, त्यामागचं गणितही माझं, आणि ते गणित सपशेल चुकलेलं. नेमकं कुठे चुकलं हे शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेलो. आजचा लेख त्या शोधाचा.

आधी फजिती सांगून टाकतो. लॉकडाऊनचे दिवस होते, घरून काम चालू होतं आणि मी मुक्काम आजोळी हलवला होता. मामेभाऊ म्हणाला, "दादा, शेळ्या पाळू. माळ नुसता पडून आहे." मला काय, एक्सेल उघडायला निमित्तच हवं होतं. वीस उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड, वर्षाला किती करडं, किती विक्री, सगळं रकान्यांत बसवलं. चाऱ्याच्या रकान्यात लिहिलं 'माळावरचं गवत', आणि पुढे खर्च शून्य! तेव्हा श्रावण होता. माळावर गवत गुडघ्याएवढं होतं. मी ते बाराही महिने तसंच धरलं.

दसऱ्यापर्यंत माळ बोडका झाला. मग खरा हिशोब केला. एका मोठ्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो सुका चारा धरा. २१ गुणिले ३६५, म्हणजे साडेसात टनांच्या वर. आणि आमच्याकडच्या पावसावर मोकळ्या माळाचं वाळलेलं गवत मिळतं एकरी अर्धा-पाऊण टन. म्हणजे दोन एकरांत जेमतेम दोन महिन्यांची सोय. उरलेले दहा महिने कडबा विकत, पेंड विकत. त्यात पावसाळ्याच्या तोंडाला आंत्रविषाराची लस द्यायची राहून गेली आणि चार शेळ्या गेल्या. दीड वर्षात उरलेल्या सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात विकून मोकळे झालो. मामा एवढंच म्हणाले, "तुझ्या एक्सेलात चैत्र कुठाय रे?"

हा प्रश्न मला चांगलाच लागला. कारण माझ्या तक्त्यात क्षेत्रफळ होतं, संख्या होती, भाव होते. महिना नव्हता.

आणखी एक गोष्ट घडली, ती शेळ्या मेल्या त्याहून जिव्हारी लागली. दरवर्षी एक धनगराचा वाडा आमच्या माळावर उतरायचा. वाडा म्हणजे घर नव्हे, मुक्काम: दोन-तीन कुटुंबं, घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड, कोंबड्या, कुत्री आणि दोन-अडीचशे मेंढ्या. माझ्या लहानपणापासून हेच लोक येत. आजोबांच्या वेळेपासून, असं आई सांगते. २०२२ मध्ये ते आले आणि कुंपण पाहून थांबले. म्हाताऱ्या आबांनी जाळीला हात लावून विचारलं, "मालक, हे कुणापायी?" मामांना उत्तर सुचलं नाही. वाडा पुढे गेला, आणि त्यानंतर आमच्याकडे आला नाही.

असो. आता इतिहास.

आमचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जमीन मुख्यतः दोन प्रकारची. नदीकाठाला आणि सखल भागात काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. उंचवट्यावर मुरमाड, उथळ, तोच माळ. काळ्या रानात पावसाळ्यात पेरत नसत. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, भाद्रपद-आश्विनात शाळू पेरायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा. सोलापूरच्या शाळूचं आणि त्याच्या कडब्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. अजूनही पेरली जाणारी मालदांडी एम ३५-१ ही जात मोहोळच्याच संशोधन केंद्रातून आली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता याच्या शेजारी मेंढीचं वर्ष ठेवून पाहा. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल. मेंढी तिथे राहिली तर खुरं सडतात. पण तेव्हा माळ हिरवा असतो आणि मुरमात पाणी साचत नाही. म्हणून मेंढ्या माळावर. दिवाळीच्या सुमारास माळ वाळतो आणि काळ्या रानात शाळू उभा असतो, तिथे मेंढी चालणार नाही. म्हणून कळप निघतात. काही घाट उतरून कोकणात, तिथे भाताची खाचरं नुकती मोकळी झालेली असतात. काही नीरा-भीमेच्या काठाने, बाजरी निघालेल्या रानांतून. फाल्गुनात शाळू निघाला की रानं मोकळी. मग कळप परत, धसकटांतला पाला आणि ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंगा खात. आणि याच वेळी शेतकऱ्याला खत हवं असतं. मग तो रात्री मेंढ्या रानात बसवून घेतो. वाघर लावायची, म्हणजे जाळीचं तात्पुरतं कुंपण, आणि रोज जागा बदलत पुढे सरकायचं. त्याबद्दल धनगराला धान्य मिळायचं, आता पैसे मिळतात.

एका मेंढीची रात्रीची लेंडी अर्धा किलो धरली तरी दोनशे मेंढ्यांची शंभर किलो होते. दहा रात्रींत एक टन, शिवाय मूत. वाहतूक शून्य, पसरायची मजुरी शून्य. खत स्वतःच्या पायांनी शेतात येतं!

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच ओळखू येईल. १९६० च्या दशकात संगणक इतके महाग होते की एकच यंत्र अनेकजण वाटून वापरत. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. त्याला टाइम-शेअरिंग म्हणायचे. माळशिरसच्या रानांचं तेच चाललं होतं. तीच जमीन सहा महिने शेत, काही आठवडे कुरण, काही रात्री खतखाना. चराऊ जमीन म्हणून वेगळा तुकडा दाखवा म्हटलं तर पावसाळ्यातला माळ सोडून फार काही दाखवता आलं नसतं. वर्षातल्या मोठ्या भागाचं कुरण म्हणजे एक वेळ होती, जागा नव्हती.

हे एकट्या मेंढ्यांपुरतं नव्हतं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास केला, त्यात हे छान दिसतं. गवळी धनगर घाटमाथ्याच्या भरपूर पावसात म्हशी पाळणारे, हटकर कोरड्या पठारावर मेंढ्या पाळणारे, खुटेकर लोकरीच्या कामातले. एकमेकांच्या पायात पाय न घालता एकाच प्रदेशात राहायची ही व्यवस्था. गाई-बैलांच्या बाजूला सांगोला, आटपाडी, माळशिरस हा खिल्लारचा मुलूख, आणि खिल्लारांचे कळप सांभाळणारे ते थिल्लारी.

या लोकांची छाप आपल्या देवांवरही आहे. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर आयुष्य घालवलं. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ गोपजनांच्या, म्हणजे गुराखी-धनगरांच्या दैवतात शोधलं. वारीचा शेवट पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होतो, हे वारकऱ्यांना सांगायला नको. दख्खनभर विखुरलेल्या वीरगळांतले कित्येक वीर गाई वाचवताना पडलेले. थोडक्यात, आज ज्यांना आपण 'रस्त्यात आडवे येणारे मेंढरवाले' म्हणतो, ते इथल्या संस्कृतीच्या पायात आहेत. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगराच्या पोराने, मल्हारराव होळकरांनी, पुढे इंदूरला राज्य उभं केलं ते वेगळंच.

मराठेशाहीतही चराई फुकट नव्हती, हे सांगायला हवं; नाहीतर मी जुनं ते सोनं म्हणतोय असं वाटेल. सरकारी घोड्यांसाठी कुरणं राखलेली असत, तिथे इतरांची जनावरं गेली की दंड. वनचराई नावाचा करही होता. पण कर असणं म्हणजे हक्क मान्य असणं. पैसे भरा आणि चारा.

मोठा बदल झाला तो आमच्या शेजारच्याच तालुक्यात. नीरा ओलांडली की इंदापूर. १८३६ मध्ये तिथे गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची आणि साऱ्याची नवी पद्धत लावली. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची मोजणी फसली होती, शेतकरी गावं सोडून चालले होते. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड, मातीची प्रत आण्यांत, आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. शेतकऱ्याला यातून खरंच दिलासा मिळाला, ओसाड रानं पुन्हा लागवडीत आली. हीच पद्धत मग दख्खनभर गेली. आज आपण सातबारा काढतो, त्याची मुळं इथे आहेत.

डेटाबेसवाल्याच्या नजरेने पाहा. सर्व्हे नंबर ही किल्ली; पुढे क्षेत्र, प्रत, आकार, खातेदार. उत्तम तक्ता. पण त्यात 'कोणाचं, केव्हा' यातला 'केव्हा' नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ या रानावर ज्याची मेंढरं बसत होती, त्याच्यासाठी रकानाच नव्हता. काही नंबर गायरान म्हणून गावाच्या गुरांना राखले गेले खरे, पण ते गावच्या गुरांना. फिरत्या वाड्याचं गाव कुठलं? कोणी त्याचा हक्क मुद्दाम हिरावला असं मला वाटत नाही. रकाना नसला की माणूस यादीतून आपोआप गळतो. माझ्या एक्सेलमधून चैत्र गळला, अगदी तसाच.

पुढचा घाव जंगल कायद्याचा. १८७८ च्या कायद्याने सरकारने राखीव वनं बांधली, आणि दख्खनमध्ये त्यात डोंगर-दऱ्यांबरोबर पडीक रानं आणि चराऊ माळही गेले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये यावर सडकून लिहिलं आहे: जंगल खात्याने गावांची गायरानंसुद्धा गिळली आणि गरिबाला शेळ्या राखायला जागा उरली नाही, हा त्यांचा आरोप. चराईच्या प्रश्नावर इतकं स्पष्ट मराठीत त्याआधी कोणी लिहिलेलं मला तरी आढळलं नाही.

हे सगळं १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ. सोलापूर त्या दुष्काळात होरपळलं. माणसं गेली, जनावरं तर विचारू नका. सरकारला त्यावर उपाय दिसला तो कालव्यांत. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात पुरंदर-बारामती-इंदापूरकडे निघाला. भाटघरला १९२० च्या दशकात नवं, मोठं लॉईड धरण झालं आणि उजवा कालवा फलटण-माळशिरस-पंढरपूरकडे आला. दुष्काळी माळशिरसला पाणी लागलं. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने. सासवडच्या माळी शेतकऱ्यांचा माळीनगरचा कारखाना, स्थापना १९३२. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट, तिचा कारखाना आमच्या श्रीपूरला. आज श्रीपूर म्हटलं की पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचं नाव पुढे येतं.

मी या पाण्याविरुद्ध बोलणार नाही. माझी आई शिकली, मामांनी घर बांधलं, मी इंजिनियर झालो, ते सगळं उसावर. आजोबांनी आयुष्यभर कालव्याला हात जोडले, त्यांना १९७२ चा दुष्काळ ठाऊक होता.

पण उसाने मेंढीचं काय घेतलं, ते नीट पाहायला हवं. जमीन घेतली हे तर दिसतंच. त्याहून मोठं म्हणजे वेळ घेतला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रान सोडत नाही. तो तुटला की खोडवा, अजून वर्ष. शाळूचं रान दरवर्षी काही महिने मोकळं व्हायचं. उसाचं रान अडीच-तीन वर्षांत एकदा, तेही थोडे दिवस. टाइम-शेअरिंगच्या भाषेत सांगायचं तर एका प्रोग्रॅमने यंत्र अडवून ठेवलं आणि बाकीचे रांगेत उभे.

जमिनीने याची किंमत लवकरच सांगायला सुरुवात केली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका काढली. डावा कालवा सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षंही धड झाली नव्हती आणि चांगली काळी रानं पांढरी पडू लागली होती. जास्त पाणी, निचरा नाही, खालचे क्षार वर. आमच्याकडे याला चोपण म्हणतात. चोपण सुधारायचं तर आधी निचरा आणि मग भरपूर सेंद्रिय खत. म्हणजे फिरून पुन्हा मेंढीच्या दारात!

स्वातंत्र्यानंतर जनावरं घरात आली. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ मध्ये बाएफ सुरू केली, संकरित गाई गावोगाव गेल्या. दूध संघ आले, दर दहा दिवसाला रोख पैसा हातात पडू लागला. बायकांच्या हातात जरा चलन खेळलं ते दुधामुळे, हे मान्यच करायला हवं. पण ही गाय चरायला जात नाही. तिचा चारा तिच्याकडे यायला लागतो: मका, मुरघास, आणि गाळप हंगामात उसाचं वाढं. वाढं स्वस्त, हिरवंगार, पण त्यात ऑक्झलेट असतं. तेच ते फार खाऊ घातलं तर अंगातलं कॅल्शियम कमी पडतं, दूध घटतं. जाणकार म्हणूनच त्याला चुन्याची निवळी मारायला आणि सोबत दुसरा चारा द्यायला सांगतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की वाढं एकदम बंद. तेव्हा चैत्र इथेही आहेच.

माळाचं काय झालं? 'पडीक' असा शिक्का बसला आणि जो तो त्याचा उद्धार करायला निघाला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढे ते १,२२२ वर आणलं गेलं. माळढोकाला लागतं मोकळं गवत. पण त्याच भागात माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडंही लावली गेली, कारण झाड म्हणजे चांगलं आणि गवत म्हणजे रिकामं, ही आपली समजूत. आता गायरानांवर एकीकडे अतिक्रमणं, दुसरीकडे सौर पॅनेलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. पण हटवल्यावर तिथे चरायचं कोणी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बैलाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ट्रॅक्टर आल्यावर खिल्लारला काम उरलं नाही. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा म्हातारा बैल विकून नवा आणायचं जुनं गणित मोडलं. शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यामुळे खोंडांना पुन्हा भाव आला. मला शर्यतीचं कौतुक नाही, पण खिल्लार जगवणाऱ्यांत आज तो शौकही आहे, हे नाकारता येत नाही. मधेच २०२२ मध्ये लम्पी आला आणि जनावरांचे बाजार बंद झाले. गोठ्यातल्या माणसाला कर्ज, दूध, बाजार, कायदा, रोग, सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं.

आणि मेंढी? दख्खनी मेंढीची लोकर जाड, काळी, घोंगडीची. घोंगडी वापरातून गेली तशी लोकर कवडीमोल झाली. आता मेंढी मटणासाठीच. इथे एक चांगलं काम आमच्या जवळच झालं. फलटणच्या 'नारी' या संस्थेत, जी बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये सुरू केली, बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. एकाऐवजी बरेचदा दोन कोकरं. उत्पन्नात मोठा फरक! फक्त दोन कोकरांना दूध पुरायला आईला चारा जास्त लागतो, आणि रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या वाड्यात दोन नाजूक कोकरं सांभाळणं सोपं नाही. म्हणजे जनुक प्रयोगशाळेतून आणता येतो, चारा मात्र वेळापत्रकातूनच आणावा लागतो.

सरकारी योजनाही आहे, 'राजे यशवंतराव होळकर महामेष', २० मेंढ्या आणि एक नर. तो आकडा वाचून मी हसलो, माझेही २० अधिक एकच होते. योजना वाईट नाही. पण मेंढ्या मिळाल्या तरी ज्या रानांतून त्या चालतील तिथे उतरायची परवानगी कोण देणार? ती कुठल्याच अर्जात नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन गेल्या वीकांताला गेलो. मामांनी आबांच्या मुलाचा मोबाइल नंबर मिळवला होता. वाडा भीमेच्या पलीकडे होता. आबा आणि मुलगा मोटरसायकलवरून आले. चहा झाला. मी मोठ्या उत्साहात लेंडीचं गणित सांगितलं. शंभर किलो, दहा रात्री, एक टन. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेंढरू तोंडानं न्हाय खात, पायानं खातंय. पाय अडला की संपलं."

मग मुलाने खरी अडचण सांगितली. रानं राहिली नाहीत, हे एक. रस्ते रुंद झाले. पालखीमार्ग चौपदरी झाल्यापासून कळप पलीकडे नेताना जीव मुठीत. फवारलेल्या पिकाचा पाला खाऊन मेंढ्या मरतात आणि कोणी सांगतही नाही की काल औषध मारलंय. रात्री चोरी होते. आणि त्याचा पोरगा बारावीला आहे, गावी आजीजवळ राहतो. "त्यो काय ह्यात येत न्हाय," हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मीही आजोळचा ऊस सोडून पुण्याला कीबोर्ड बडवतोच की. त्याला काय उपदेश करणार!

तरीही व्यवहार बसला, कारण दोघांनाही गरज आहे. मामांचा खोडवा फाल्गुनात मोडायचा आहे. खालच्या बाजूला रान चोपण व्हायला लागलंय. रासायनिक खतं वाढवून पाहिली, उतारा वाढत नाही. म्हणून चैत्रात दहा रात्री मेंढ्या उसाच्या रानात बसतील. पैसे ठरले. त्याआधी पंधरा दिवस आम्ही फवारणी करायची नाही, आणि शेजारच्या दोन रानांनाही सांगायचं. पाणी आमच्या विहिरीचं. लस त्यांनी टोचून आणायची. पावसाळ्यात माळ त्यांना मोकळा, पण श्रावणापर्यंत कोणी पाऊल टाकायचं नाही, गवत बी धरेपर्यंत. ही अट आबांचीच. मला वाटलं होतं माळ राखायची अट आम्हाला घालावी लागेल!

छोट्या प्रमाणावर चराऊ जनावरं पाळू पाहणाऱ्या मित्रांना माझ्या नुकसानीतून एवढंच सांगेन. आधी किती एकर आहे ते मोजू नका, चैत्रात काय खायला घालणार ते लिहा. शेजाऱ्याचं कुठलं रान कधी मोकळं होतं, ते विचारा. पाळणारा दुसरा कोणी आधीपासून त्या रानावर येत असेल, तर त्याच्याशी बोला. त्याच्याकडे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे. आमच्याकडे ते दरवर्षी चालत यायचं, आणि आम्ही त्याला जाळी लावली.

कुंपण पूर्ण काढलं नाही. रस्त्याकडची बाजू ठेवली, ओढ्याकडची जाळी मी आणि मामेभावाने गुंडाळली. हात सोलून निघाले. संध्याकाळी मामांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, चैत्राच्या पानावर दहा चौकोनांत पेनाने 'वाडा' लिहिलं आणि परत खिळ्याला अडकवलं. वाडा येईल की नाही, ते चैत्रात कळेल. मी मात्र पुण्याला आल्यावर ती जुनी एक्सेल उघडली आणि डावीकडे एक रकाना घातला. महिना.